बारा हजार किलोमीटर आणि सुपलीभर केर

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या बत्तीस वर्षांत एकदाही विमानात बसलो नाही. ही गोष्ट मी वर्गात कधी फुटू दिली नाही. फळ्यावर रेखावृत्तं काढताना माझा आवेशच असा असे, की मागच्या बाकावरच्या पोरांना वाटावं सर कालच ग्रीनिचहून आले. प्रत्यक्षात माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे सहलीची पोरं घेऊन कोकणात जाणं, आणि त्या सहलीत घाटात सगळ्यात आधी गाडी लागली ती मला.

निवृत्त झालो तेव्हा शाळेनं शाल दिली, नारळ दिला आणि मी मागितला म्हणून जुना पृथ्वीगोलही दिला. त्याला प्रशांत महासागरात पोचा पडला होता, पण बाकी जग ठीक होतं. तो मी दुसरबीडच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी ठेवला. बायको त्याच्यावर रोज फडकं मारायची आणि रोज विचारायची, "ह्याचं आता काय काम हाय?" त्याचं काम लवकरच निघालं. आमच्या एकुलत्या एका पोरीला कॅनडात, व्हँकूवर नावाच्या शहरात, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला.

पोरगी जाणार हे कळल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. बायको कामं करता करता मध्येच थांबायला लागली. पोरगी रात्रंदिवस याद्या करायला लागली. आणि मी अंतर मोजायला लागलो.

आधी दोऱ्यानं मोजलं. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक, व्हँकूवरवर दुसरं. दोरा ताणला की तो सरळ पश्चिमेला जात नाही, हिमालय ओलांडून रशियावरून पार उत्तर ध्रुवाकडे सरकतो. गोलावर सगळ्यात जवळचा रस्ता तोच. मी हे पोरीला दाखवलं, बायकोला दाखवलं, पेढे द्यायला आलेल्या साडूला दाखवलं, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दाखवलं. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊनच बघत उभा राहिला.

मग पोरीनं मोबाइलवर एक वेबसाइट काढून दिली. दोन विमानतळांची नावं लिहायची, खाली लगेच अंतर आणि वेळ येते. मी लिहिली. अंतर आलं बारा हजार किलोमीटरच्या आसपास आणि वेळ आली चौदा तास. दोऱ्यानं काढलेलं माझं उत्तर या आकड्याला जवळपास जुळलं. आयुष्यात माझं कौतुक करायला कोणी चुकलं असेल तर ते त्या दिवशी मी स्वतःच भरून काढलं.

त्या चौदा तासांचा मी पुढे गावभर जो वापर केला, तो आठवला की आता कानशिलं तापतात. कोणी "पोरगी चालली म्हने दूर," असं हळहळून म्हटलं, की मी त्याला तिथंच अडवायचो. "दूर कशाची? चौदा तास. पह्यले इथून मुंबईले जाले तेवढेच लागत होते." माणसं पांगायची. आमच्या शेजारी एक निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात. तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस, बोलणं कमी. ते मात्र पांगले नाहीत.

"सर," ते म्हणाले, "किलोमीटर ऱ्हाऊ द्या. मधी स्टॉप किती हायेत?"

"एक हाय. किरकोळ."

"किती वेळाचा?"

"अहो, विमान हाय थे. मेहकरच्या स्टँडावर चहाले थांबल्यावानी थोडीच थांबते?"

 मी जिंकल्यासारखा घरात आलो. स्टॉप आहे हे मला पोरीनं सांगितलेलं होतं. कुठं, किती, हे तिनं पाठवलेल्या तिकिटात होतं, आणि ते तिकीट माझ्या मोबाइलमध्ये पडून होतं. मी उघडलं नव्हतं. उत्तर आधीच काढलेलं असताना पुस्तकाच्या मागे कशाला बघायचं, असा माझा स्वाभिमान.

ती निघाली सोमवारी दुपारी तीनला. ऑगस्ट संपत आला होता, शेतात सोयाबीन उभं होतं, दोन दिवस पावसाची उघडीप होती. तिच्या मामाची गाडी आली. समृद्धीवरून मुंबई, तिथं रात्री मामाच्या मित्राकडे, पहाटे विमानतळ, सकाळी सहाला विमान. गाडीत तीन मोठ्या बॅगा गेल्या, तरी मागे दोघांपुरती जागा होती. मामा म्हणाला, चला की दोघंही. बायकोला गाडी लागते, तिनं माझ्याकडे बघितलं. मी चला म्हटलं असतं तर ती ओकत ओकत आली असती. मी म्हणालो, "विमानतळावर आत तं सोडत नाई. मंग भायेरून काच पाहाले कायले जायचं?"

हे कारण चांगलं दिसलं म्हणून दिलं. खरं कारण असं, की त्या काचेसमोर चारचौघांत मी रडेन याची मला खात्री होती, आणि भूगोलाच्या शिक्षकानं काचेसमोर रडणं मला परवडणारं नव्हतं.

बायकोनं पोरीच्या हातावर दही ठेवलं. पोरगी पाया पडली. मी तिला म्हणालो, "खिडकीची सीट हाय न? उत्तरेले बर्फ दिसंल, पाहा." चोवीस वर्षं वाढवलेली पोर घराबाहेर पडताना बापाचं हे शेवटचं वाक्य.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि बायको आत आली ती थेट झाडूकडे. मला वाटलं झाडायला घेते. तिनं झाडू उचलून कपाटावर टाकला. "थे पोचेलोक घर झाडाचं नाई," ती म्हणाली.

आमच्याकडे ही रीत आहे. माणूस परगावी निघालं की लगेच घर झाडत नाहीत. जवळचा प्रवास असला तर घटकाभरानं झाडतात, पण बायकोच्या माहेरी कडक नियम: माणूस मुक्कामी पोचल्याची खबर येईपर्यंत घराला झाडू लावायचा नाही. वाटेतल्या माणसाची पावलं घरात असतात, ती पुसायची नाहीत. मी शाळेत विज्ञान मंडळाचाही प्रमुख होतो. असल्या रीतींवर मी दरवर्षी एक भाषण करत असे आणि टाळ्या घेत असे. बायकोनं ते भाषण कधी ऐकलं नाही, कारण घरी ते करायची माझी हिंमत झाली नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"थे तुमीच सांगा. तुमी मोजलं हाय न."

"उद्या सकाळी सहाचं विमान, चौदा तास. उद्या रात्री आठले पोट्टी पोचली समज."

"मंग उद्या रात्री आठले झाडतो," ती म्हणाली. जेवायला मात्र तिनं एकट्याचंच ताट वाढलं. स्वतः नुसता चहा घेतला. मी विचारलं तर म्हणाली भूक नाही.

मंगळवारी सकाळी सहाला पोरीचा मेसेज आला: "बसले. आता फोन बंद. पोचल्यावर करते." मी तो बायकोला वाचून दाखवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून विजयानं मान हलवली. पृथ्वीगोलावर मुंबईच्या ठिकाणी बोट ठेवलं आणि दर तासाला जरा जरा उत्तरेला सरकवायचं ठरवलं. नऊ वाजता माझं बोट हिमालयावर होतं. पोरगी त्या वेळी अरबस्तानावरून युरोपकडे चालली होती हे मला नंतर कळलं.

तर त्या दिवशी घराची अवस्था अशी होती: दोन दिवस पाहुण्यांची ये-जा झालेली. बाहेरच्या खोलीत चिवड्याचे पोहे, शेंगांची फोलं, बॅगा बांधल्याच्या सुतळीचे तुकडे. चालताना पायाखाली करकरायचं. मुंग्यांनी गोलाच्या स्टँडपासून दारापर्यंत रांग धरली होती. साडेदहाला बायको गल्लीत कोणाच्या तरी घरी गेली, आणि माझ्या अनवाणी टाचेत शेंगेचं एक फोल घुसलं.

मी चिडलो. फोलावर चिडलो, रीतीवर चिडलो, बत्तीस वर्षांच्या माझ्या भाषणांवर घरात पाणी पडलं म्हणून चिडलो. विमान आकाशात दहा किलोमीटर वर, आणि त्याचा या फोलाशी काय संबंध? कपाटावरचा झाडू काढला आणि बाहेरची खोली स्वच्छ झाडली. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे कोपरेबिपरे नीट काढले. पायपुसणं झटकून सरळ अंथरलं. सुपलीभर केर निघाला, तो घरामागच्या उकिरड्यावर टाकून आलो. झाडू जागेवर. उचलली जीभ लावली टाळ्याला असे पुष्कळ असतात, आपण कृतीत आणलं, याचा मला फार आनंद झाला.

बायको आली. दारात थांबली. खोली बघितली.

"वाऱ्यानं गेला वाटते," मी पेपरमागून म्हणालो. "मोठा वारा सुटला होता."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यासाठी भाजी टाकली. स्वतः परत चहाच.

आठ वाजले. फोन आला नाही. पहिला अर्धा तास मी सामान मिळायला वेळ लागतो हे बायकोला समजावलं. पुढचा अर्धा तास पासपोर्टावर शिक्का मारणाऱ्यांची रांग समजावली. नंतर समजावण्यासारखं काही उरलं नाही. पोरीला फोन लावला तर तो बंद. मामाला लावला, तो म्हणाला, "मी गेटपर्यंत सोडलं दाजी, फुडचं मले काय मालूम?" साडेनऊला शेजारचे ड्रायव्हर अंगणात आले. त्यांनी परत स्टॉपचंच विचारलं, "स्टॉप कुठं हाय म्हने?" आणि मी त्यांच्यावर ओरडलो. ते गेले. तिकीट बघावं हे तेव्हाही सुचलं नाही. माणूस घाबरला की त्याची अक्कल ज्या वाटेनं नेहमी जाते त्याच वाटेनं गोल फिरते, आणि माझी वाट होती चौदा तास.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, कबूल करतो, मला विमानाची यंत्रं आठवली नाहीत, वादळ आठवलं नाही. मला झाडू आठवला. पोर बारा हजार किलोमीटरवर चालली असताना तिची पावलं मी टाचेतल्या एका फोलापायी झाडून उकिरड्यावर टाकली होती. विज्ञान मंडळाचा प्रमुख हे मनात म्हणत होता, आणि त्याला समजावणारा कोणी दुसरा प्रमुख खोलीत नव्हता.

उजाडायला लागलं तसा मी सुपली घेऊन मागच्या दारानं बाहेर पडलो. उकिरड्यावर माझा केर वरच होता, पण त्यावर रात्रीतून आणखी काय काय पडलं होतं. मी उकिडवा बसून फोलं वेचायला लागलो. सुतळीचे तुकडे ओळखीचे होते. पोहेही ओळखू येत होते. एवढ्यात लोटा घेऊन ड्रायव्हर शेजारी आले.

"सर, काई हारपलं काय?"

"चष्म्याचा स्क्रू," मी म्हणालो. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता.

त्यांनी लोटा खाली ठेवला आणि माझ्यासोबत उकिरडा शोधायला बसले. काल रात्री मी ज्याच्यावर ओरडलो तो माणूस, अख्खी दहा मिनिटं, नसलेला स्क्रू शोधत होता. मी त्यांच्यासमोर फोलं सुपलीत टाकत राहिलो. त्यांनी एकदा सुपलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि लोटा उचलून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

घरात येऊन मी तो केर बाहेरच्या खोलीत पसरला. थोडा दाराशी, थोडा गोलाखाली, थोडा खिडकीशी. जिथं जे होतं ते तिथं यावं म्हणून मागे सरकून बघितलंही. मुंग्या मात्र परत आल्या नाहीत. मग हात धुऊन पेपर घेऊन बसलो. स्वयंपाकघरातून भाकर थापल्याचा आवाज येत होता. इतक्या सकाळी भाकरी कशाला, असं मनात आलं, पण विचारायची माझी ऐपत नव्हती.

पावणेआठला फोन वाजला.

"बाबा, पोचले. रूमवर आले आत्ता."

 माझ्या तोंडून आवाज निघाला तो मास्तराचा. "काऊन इतका उशीर केला?"

"उशीर कुठं? वेळेवरच आले. पॅरिसले साडेतीन तासाचा थांबा होता, मंग दुसरं विमान. दहा तास थे, दहा तास हे. तिकीट पाठवलं होतं न तुमाले?"

"मंग पॅरिसहून काऊन फोन नाई केला?"

"आपलं सिम चाललंच नाई तिथं. बाबा, थ्या वेबसाइटच्या खाली बारीक अक्षरात लिवलं होतं, हे सरळ अंतर हाय म्हनून. अशी फ्लाइट नसतेच."

बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो: नकाशा नंतर वाचा, आधी खालची टीप वाचा. टीप न वाचणाऱ्याचा मी एक गुण कापत असे. एका पोराला तर त्यापायी वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

"तिथं किती वाजले?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"संध्याकाळचे सव्वासात. मंगळवार हाय अजून."

मंगळवार, आठच्या आत! माझ्यातला मास्तर लगेच उठून बसला. मी फोनवर हात ठेवून बायकोला म्हणालो, "पाहा, मंगळवारी आठलोक पोचते म्हटलं होतं का नाई मी?" बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

दोघी पुष्कळ वेळ बोलल्या. मी बसून ऐकत होतो. पोरगी तिला खोलीची खिडकी कुठं आहे, पाणी कसं लागतं, शेजारची मुलगी कुठली, ते सांगत होती. बायको फक्त "हाव, हाव" म्हणत होती. विमानातून बर्फ दिसला का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

फोन ठेवून बायकोनं कपाटावरचा झाडू काढला आणि बाहेरच्या खोलीत झाडायला घेतलं. खिडकीशी आली आणि थांबली. खाली वाकून तिनं काहीतरी उचललं आणि तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरलं. बिडीचं थोटूक होतं.

"सर," ती म्हणाली. रागावली किंवा लाडात आली की ती मला सर म्हणते, त्यातलं कोणतं ते नंतर कळतं. "आपल्या घरात बिडी कोन पेते?"

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? मी सगळं सांगितलं. फोल सांगितलं, चिडणं सांगितलं, उकिरडा सांगितला. स्क्रू सुद्धा सांगितला.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "काल आली तवाच समजलं. वाऱ्यानं केर जाते, पायपुसनं झटकून सरळ होत नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं थोटूक सुपलीत टाकलं. "काय बोलू? दोन-चार मयन्यांपासून पाहून राह्यली. पोट्टीले प्रवेश भेटला तवापासून निस्ते किलोमीटर सांगून राह्यले तुमी. गावाले सांगता, मले सांगता, गॅसवाल्याले सांगता. म्हटलं, ह्या मानसाले लेक चालली याचं काईच वाटत नाई. काल घर झाडलं तवा तं खात्रीच झाली."

 बत्तीस वर्षं प्रश्न विचारायची सवय, उत्तर द्यायची नव्हती.

"आज पहाटं मागच्या खिडकीतून पाह्यलं, तं तुमी उकिरड्यावर बसून फोलं येचत," ती म्हणाली. "थे पाह्यलं आन् मले सोमवारपासून पह्यल्यांदा भूक लागली. मंग भाकर टाकली."

तिनं झाडू माझ्या हातात दिला आणि जेवायला गेली. मी उरलेला केर झाडत दारापर्यंत आणला. पोहे, फोलं, सुतळीचा तो तुकडा ज्याची गाठ पोरीनं दातांनी तोडली होती. उंबरठ्याशी आलो आणि हात पुढे जाईना. आतून ताट घेऊन ती बघत होती.

"पोचली न थे आता," ती म्हणाली. "काढा भायेर."

"राहू दे आजचा दिवस," मी म्हणालो.

"अंधश्रद्धा म्हनतेत त्याले," ती म्हणाली आणि भाकरीचा घास मोडला. मी झाडू दाराआड उभा केला आणि पायपुसण्यावर बसून, काचबीच काही समोर नसताना, पोटभर रडलो.